हिराक्कांचे ठिपके

हिराक्कांनी आधी सप्तपदीच्या बाहुल्या उचलल्या आणि टेबलाखाली ठेवल्या.

"ह्या बाहुल्या गेल्याच महिन्यात जयसिंगपूरच्या लग्नात बघितल्यात मी," त्या म्हणाल्या. "नवरीचं नाक तिथंही असंच मोडलेलं होतं."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग मण्यांची महिरप खाली गेली, मग थर्माकोलचं तुळशीवृंदावन, मग सुपारीचे वाजंत्रीवाले. माझी आई टेबलाच्या टोकाला उभी होती. एकेक वस्तू खाली जाईल तशी तिची मानही खाली जात होती. हे सगळं तिनं सांगलीच्या दुकानातून आणलं होतं आणि येईल त्याला "पोरीनं स्वतः केलंय हो" असं सकाळपासून सांगत होती.

मी शेजारच्या खोलीत शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसले होते आणि दाराच्या फटीतून बघत होते. चुलत बहीण कस्तुरी माझ्या खांद्यावरून बघत होती.

"त्रिशे, तुझं यंत्र काही टिकत नाही बघ," ती कुजबुजली.

हिराक्का माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लवकर विधवा होऊन भावाकडे आलेल्या, आणि तेव्हापासून चौगुल्यांच्या भावकीतलं एकही रुखवत त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय सुटलेलं नव्हतं. त्यांचा नियम साधा होता. नवरीच्या हातचं असेल ते टेबलावर राहील, विकतचं असेल ते टेबलाखाली जाईल. वर राहिलेलं नवरीबरोबर सासरी जाणार, खाली गेलेलं माहेरी परत. ह्यात कुणी वाद घालत नसे.

हा नियम कळला तेव्हाच माझ्या डोक्यात ते आलं होतं. माझ्याकडं एक चित्रं काढणारं यंत्र होतं. दोन मेलेल्या प्रिंटरच्या मोटारी, एक फळी, मजबूत दोरा आणि एक पेन. एमएस्सीच्या सुट्ट्यांत मी ते जुळवलं होतं. मी लिहिलेला प्रोग्रॅम सांगेल तसं पेन कागदावर फिरायचं. आई त्याला किरकिरी म्हणायची. लग्नाची यादी करायच्या दिवशी मी होणाऱ्या सासूबाईंना, विमलकाकूंना, विचारलं होतं, "ह्याच्यासाठी एक टेबल मिळेल का?" त्या गोड हसून म्हणाल्या होत्या, "लग्नानंतर बघू." माझ्या मावशीचा तानपुरा अशाच एका 'लग्नानंतर बघू'त गेला होता. मावशीला नातवंडं झाली, तानपुरा अजून आजोळच्या माळ्यावर आहे.

म्हणून मी किरकिरीला हळदकुंकू लावलं, तिच्या मोटारींना छोट्या मुंडावळ्या बांधल्या आणि करंज्यांच्या ताटाशेजारी रुखवतात मांडून ठेवलं. मागं तिनं काढलेलं एक चित्र चौकटीत बसवून उभं केलं. रुखवतात मांडलेलं वर राहिलं, तर मग विमलकाकूंना बघायचं काही उरणारच नव्हतं.

आता हिराक्का त्या चौकटीपाशी आल्या होत्या.

दरम्यान वरपक्षाकडच्या एका बाईनं सूर धरला:

"रुखवतात ठेवला खोबऱ्याचा मोर,
विहीणबाईंना पडला लेकीच्या कामाचा घोर."

माझ्याशेजारून कस्तुरीनं दाराआडूनच उत्तर दिलं:

"रुखवतात ठेवली करंज्यांची ताटली,
वरमाईच्या नजरेनं साखरच आटली."

हशा झाला. हिराक्का हसल्या नाहीत. त्यांनी चौकट उलटी केली. भरतकाम मागून बघायचं असतं, टाक्यांचा गुंता तिथं कळतो, ही त्यांची सवय. मागचा पुठ्ठा त्यांनी नखानं सोडवला आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"हे छापील न्हवं," त्या म्हणाल्या. "पेन दाबून काढलंय. वळ उमटलेत. कुणी काढलं?"

"त्रिशलानं," आई पटकन म्हणाली. सकाळपासून तिनं बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

"बोलवा तिला."

नवरीला रुखवतापाशी बोलवायची पद्धत नाही. पण हिराक्कांनी बोलवलं म्हटल्यावर पद्धत कोण काढणार? मी बांगड्या सावरत बाहेर आले.

"हे तू काढलंस?"

"हो."

"हातानं?"

"हातानं नाही. ह्यानं." मी किरकिरीकडं बोट दाखवलं.

"आणि हे कुणी केलं?"

"मी. हे मात्र हातानं." मी अंगठा पुढं केला. मेंदीतूनही भाजल्याचा डाग दिसत होता. "तार सोल्डर करताना भाजलंय."

त्यांनी अंगठा बघितला. "करंज्या तळतानाही भाजतंय की. मी कसं मानू?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "माझी रीत सगळ्यांना ठाऊक हाय. रुमाल विणलाय म्हणती, तिला म्हणते, तसाच दुसरा विणून दाखव. तू हेच चित्र आत्ता परत काढून दाखव. निघालं तर चित्रही वर, यंत्रही वर. न्हाई निघालं तर दोन्ही खाली."

सगळ्या बायका माझ्याकडं बघू लागल्या. आईच्या चेहऱ्यावर तर पहिल्यांदाच रंग आला. तिला वाटलं, एवढंच ना?

मला मात्र घाम फुटला. कारण तेच चित्र मला परत काढता येणार नव्हतं.

त्या चित्राची कल्पना मला कांद्यावरून सुचली होती. बीएस्सीला कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यातल्या पेशी दिसायच्या, एकमेकींना दाबून बसलेल्या, तरी प्रत्येकीची भिंत वेगळी. तसं काहीतरी गणितानं वाढवावं म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला. कागदावर काही ठिपके पडायचे. प्रत्येक ठिपक्याभोवती एक कडं, कड्याभोवती आणखी एक, असं ते फुगत जायचं. दुसऱ्याचं कडं जवळ आलं की त्या बाजूनं दबायचं. कुणी कुणाला शिवायचं नाही. बस्स, एवढेच नियम. पण पहिले ठिपके कुठं पडणार, हे संगणक दर वेळी स्वतःच ठरवायचा. आणि ते कुठं पडले, हे जपून ठेवायची एक ओळ मी लिहायला विसरले होते. मला दर वेळी नवं चित्र बघायची इतकी घाई असायची की जुनं परत कशाला लागेल, असंच वाटायचं. ह्या धंद्यातला कुणीही नवशिका हीच चूक करतो. फक्त ती मुंडावळ्या बांधून, वरपक्षापुढं उभं राहून कुणाला उमगत नाही.

"असंच येणार नाही," मी म्हणाले. "दुसरं येईल. ह्याच घराण्यातलं, पण दुसरं."

"म्हणजे एकदाच येतं होय?" विमलकाकू म्हणाल्या. "बरं झालं, जागा वाचली."

पुन्हा हशा. कस्तुरीनं मागून मला चिमटा काढला. मग माझ्यातली वादविवाद स्पर्धेतली मुलगी जागी झाली.

"हिराक्का, तुम्ही काल भाकरी केली असेल ना?"

"रोज करते."

"मग कालचीच भाकरी आज करून दाखवाल? तीच, तेवढेच डाग पडलेली, त्याच जागी?"

हिराक्कांनी डोळे बारीक केले.

"डाग तवा पाडतोय," त्या म्हणाल्या. "भाकरी माझी."

"मी तेच म्हणते. ठिपके यंत्र पाडतं. चित्र माझं."

कुणीतरी "आता ग" म्हणालं. हिराक्कांनी चौकट पुन्हा टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "सुरुवात कुठनं करायची ते यंत्र ठरवणार. राबणार यंत्र. तू नुसते नियम सांगणार. अशी एक व्यक्ती आमच्याही घरात हाय." त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्या सासऱ्यांकडं बघितलं. सासरे लगबगीनं जेवणाची व्यवस्था बघायला गेले. "त्याच्या हातचं आम्ही काही धरत न्हाई. मग तुझ्या हातचं कसं धरू?"

त्यांनी किरकिरीला हात घातला. ती फळी टेबलावरून उचलली गेली.

"ठिपके तुम्ही टाका," मी म्हणाले.

"काय?"

"सुरुवात यंत्रानं करायची नाही. तुम्ही करायची. तुमच्या हातानं. मग बघा त्यात हात दिसतो का."

मला वाटत होतं, सापळा बरोबर लागला आहे. स्वतः टाकलेल्या ठिपक्यांमधून आलेल्या चित्राला 'हातचं नाही' असं म्हणायची हिराक्कांची हिंमत व्हायची नाही.

त्यांनी फळी खाली ठेवली. टेबलाखाली नव्हे, टेबलावर. "कशानं टाकू?"

मी एक स्टीलचं ताट पालथं घातलं आणि अक्षतांची वाटी पुढं केली. पिवळे दाणे ताटावर ठेवायचे, मी फोटो काढणार, प्रोग्रॅम ते दाणे ओळखणार. हे मी घरी रांगोळीवर करून बघितलं होतं. मंडपवाल्यानं वायर ओढून दिली. मी मुंडावळ्या कानांमागं अडकवून लॅपटॉप उघडला.

हिराक्कांनी पहिला दाणा ठेवला. "हा माझा भाऊ." दुसरा त्याला जवळजवळ चिकटून. "ही विमल. जवळ पाहिजेच, न्हाईतर ह्याला चष्मा सापडत न्हाई." मग धाकटा भाऊ, त्याची बायको, पोरं. प्रत्येक दाण्याला नाव होतं, आणि प्रत्येक नावावर शेरा. एका दाण्यावर त्या अडखळल्या, तो अगदी कडेला ठेवला. "ही मी."

मग त्यांनी आणखी एक दाणा उचलला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "ही तू."

मी फोन वर धरला तेवढ्यात त्यांनी माझा हात खाली केला. "थांब. ह्यात मधल्याचं काय होतंय?"

"सगळ्या बाजूंनी दाबलं जातं. लहान राहतं."

"आणि कडेच्याचं?"

"मोकळं वाढतं. तिकडून दाबायला कुणी नसतं ना."

हिराक्कांनी बोटानं माझा दाणा सरकवला. विमलकाकूंच्या बाजूनं, पोरांच्या मधून, नेत नेत कडेला, स्वतःच्या दाण्याशेजारी आणून ठेवला. त्यावर त्यांनी शेरा मारला नाही.

"हां, आता काढ फोटो."

किरकिरी सुरू झाली. पेन थोडं घुटमळलं आणि पहिलं कडं निघालं. मग दुसरं. बायका टेबलाभोवती दाटल्या. लग्न लावणारे उपाध्ये येऊन "नवरीला सोडा आता" म्हणून गेले, कुणी लक्ष दिलं नाही. कडी एकमेकांजवळ आली तशी खरी मजा सुरू झाली.

"बघा, विमल फुगायला लागली."

"फुगली पण नवऱ्याला सोडंना."

"धाकट्या जावेचं बघा, कशी आखडली. शिवणार न्हाई म्हणजे न्हाई."

"घरात तरी कुठं शिवतीय?"

विमलकाकूही हसत होत्या, पण त्यांची नजर कडेला होती. तिथं दोन दाण्यांची कडी लांबलचक, ऐसपैस पसरत कागदाच्या टोकापर्यंत गेली होती. बाकी सगळं कुटुंब एका बाजूला कोंबल्यासारखं दिसत होतं.

पेन थांबलं. हिराक्कांनी कागद काढून उजेडाकडं धरला.

"छान आलंय," एक बाई म्हणाली. "कुणी काढलं म्हणायचं हे?"

"मी," हिराक्का म्हणाल्या.

मी ह्याचीच वाट बघत होते. "म्हणजे हातचंच झालं. मग यंत्र वर राहिलं ना?"

हिराक्कांनी कागदाची नीट गुंडाळी केली आणि आपल्या पिशवीत घातली.

"चित्र माझ्या हातचं," त्या म्हणाल्या. "मग ते तुझ्या रुखवतात कसं राहील? आणि ज्यानं माझं चित्र काढलं, ते यंत्र तुझ्या रुखवतात कसं राहील? खाली ठेवा ते."

कस्तुरीच्या तोंडाचा आ तसाच राहिला. विमलकाकूंनी स्वतः किरकिरी उचलली, मोडक्या नाकाच्या नवरीशेजारी टेबलाखाली सरकवली, आणि वर टेबलक्लॉथ नीट सोडून दिला. पहिली चौकट तेवढी वर राहिली. ती मागून तपासून पास झालेली होती; 'दोन्ही खाली' ही अट हिराक्कांनी पुन्हा काढलीच नाही.

सापळा लावताना आपणच त्याच्या आत उभे आहोत, हे बघायला हवं होतं. गणितात त्याला मर्यादा तपासणं म्हणतात.

मी बोहल्यावर गेले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. माझ्या नवऱ्याच्या, सन्मतीच्या, शेल्याची आणि माझ्या पदराची गाठ बांधली. त्यानं हळूच विचारलं, "रडतीयस का?" मी म्हणाले, "अजून नाही."

जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. रुखवताचं सामान खोक्यांत भरायला लागले तशी मी कुणाचं लक्ष नाही बघून टेबलाखाली वाकले. बाहुल्या होत्या, महिरप होती, वाजंत्रीवाले होते. किरकिरी नव्हती. वडिलांनी आधीच घरी नेली असणार. तिच्याही नशिबी माळा, असं म्हणून मी आईच्या गळ्यात पडले आणि मनसोक्त रडले. बायका म्हणाल्या, पोरगी मायाळू आहे.

गाडीपाशी गेले तर पुढच्या सीटवर हिराक्का. मांडीवर सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, आणि चादरीतून एक मुंडावळी लोंबत होती.

"मागं बसा दोघं," त्या म्हणाल्या. "करवलीलाही घ्या. पुढं जागा न्हाई."

गाडी सासरच्या गावाकडं, कुरुंदवाडकडं, निघाली. मी सन्मतीकडं बघितलं. त्यानं खांदे उडवले. रस्त्यात खड्डा आला की हिराक्का ड्रायव्हरला म्हणत, "हळू रे, लेकुरवाळी गाडी हाय."

घरी पोचलो. दारात तांदळाचं माप ठेवलेलं. हिराक्का गाडीतून उतरल्या, मापाला वळसा घालून चादरीसकट आत गेल्या. मला मात्र नणंदेनं उंबऱ्यावरच अडवलं. नाव घेतल्याशिवाय आत यायचं नाही. मी उखाणा आठवत उभी राहिले आणि आतून आवाज यायला लागले.

"वन्सं, ते इथं कशाला आणलंत?" हा विमलकाकूंचा. "ते खाली ठेवलं होतं ना?"

"रुखवतातनं खाली ठेवलं. माझं म्हणून घेऊन आले. विहिणीला विचारून."

"अहो पण ठेवणार कुठं?"

"माझ्या खोलीत."

"तुमच्या खोलीत? तिथं तुमचा जप, तुमचं सगळं..."

"विमल, तुझ्याकडं टेबलावर ठेवलं असतं तर दिवाळीच्या आत त्यावर कपड्यांच्या घड्या चढल्या असत्या. तुझी चूक न्हाई, घरच तसलं हाय. माझ्या खोलीत घडी ठेवायची कुणाची टाप हाय? पोरगी दुपारी तिथं येऊन बसंल. आत्या बोलावतात म्हटल्यावर कोण काय म्हणंल?"

नणंद म्हणाली, "वहिनी, नाव घ्या ना." मला उखाण्याची पहिली ओळसुद्धा आठवेना.

मग किरकिरीचा ओळखीचा आवाज आला. वायर लावली की ती आधी पेन कडेपर्यंत नेऊन बघायची. थोडा चालला, घुसमटला, आणि थांबला.

"ए पोरी," हिराक्का आतून म्हणाल्या, "हे चालू केलं तर पेन अडकलंय. आत ये."

"आक्का, नाव घ्यायचंय अजून," नणंद म्हणाली.

"नाव काय पळून चाललंय? आधी तिला सोडा."

बायका बाजूला झाल्या. मी वाकून आतला अंदाज घेतला. पेनाची पकड सैल झाली असणार, प्रवासात. "बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहे का घरात?" मी सन्मतीला विचारलं.

"दुकानात आहे," तो म्हणाला आणि लगेच वळून निघाला. मी आत जायला पाऊल उचललं. शेल्याची गाठ दोघांच्या मधे ताणली गेली आणि आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

"गाठ आज सोडायची नसते हं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग दोघं जा," आतून हुकूम आला.

मुंडावळ्या बांधलेली जोडी भर बाजारपेठेतून सन्मतीचं मोटारपंपाचं दुकान उघडायला चाललेली कुरुंदवाडनं तोवर बघितली नसावी. चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. सन्मतीनं शटर वर केलं, गल्ल्यामागून स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला, आणि आम्ही तसेच परत आलो.

माप उंबऱ्यावर होतंच. ते मी उजव्या पायानं लवंडलं, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्या घरात शिरले.